दाखल्यावरचं वय, आईच्या तोंडचं वय

(दहावी १९८३ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, यंदाच्या म्हणजे २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकानं माझी ओळख करून देताना सांगितलं, की मी मे महिन्यात सेवानिवृत्त झालो. कागदावर ते बरोबर आहे. आईच्या हिशेबानं मात्र मी अजून नोकरीत आहे. माझा जन्म १९६७ सालचा, दिवाळी सरली त्या आठवड्यातला. म्हणजे मला अठ्ठावन्न पूर्ण होणार पुढच्या महिन्यात, आणि हार-नारळ मिळायला हवा ३० नोव्हेंबरला. तो मिळाला ३१ मेला, कारण दाखल्यावर माझी जन्मतारीख आहे १ जून १९६७. ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी जातो, असा नियम. माझी जुलैची वेतनवाढही त्यात गेली.

आता ज्यांचा दाखल्यावरचा वाढदिवस १ जून आहे, त्यांनी जरा हात वर करा. बघा! निम्म्याहून जास्त. आपल्या ग्रुपवर १ जूनला सकाळी सहापासून केकची चित्रं सुरू होतात आणि कुणी कुणाला शुभेच्छा दिल्या तेच कळत नाही. महाराष्ट्रात ३१ मेला कुठल्याही कचेरीत जा, निरोप समारंभांची रांग लागलेली असते. हे सगळे काही एकाच दिवशी जन्मलेले नाहीत. त्यांना कुणीतरी एका दिवशी जन्माला घातलंय, आणि ते कुणीतरी आज व्यासपीठावर बसलेत. पहिलीचे आपले गुरुजी.

सकाळी नाश्त्याच्या वेळी मी त्यांना विचारलंच. "गुरुजी, माझं वय पाच महिने का वाढवलंत?" ते म्हणाले, "मी कुठं वाढवलं? तुझी आई म्हणाली, सहावं लागलंय. सहा पूर्ण झाल्याशिवाय नाव घालता येत नव्हतं. मी 'लागलंय'चं 'पूर्ण' केलं, एवढंच."

मित्रांनो, सगळी गोष्ट या दोन शब्दांत आहे. आपल्याकडे वय सांगायच्या दोन रीती. एक 'पूर्ण'ची, दुसरी 'लागलं'ची. पाचवा वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी 'सहावं लागलं', आणि ते खोटं नसतं. पण ऐकणारा 'लागलं' गाळतो, 'सहा' तेवढं धरतो. त्यात आई 'आता सातवं लागेलच' असं पुढचंही बोलून जाते. असं करता करता पोराचं वय वाढदिवसाच्या आधीच पुढं जाऊन बसतं.

आमच्या आयांना तेव्हा घाई का होती, हे आज इथं सांगितलंच पाहिजे. आपण पहिलीत बसलो जून १९७३ मध्ये. आदल्या वर्षी, १९७२ ला, पाऊस पडला नव्हता. विहिरी आटल्या, जनावरं कवडीमोलानं विकली. आपल्या आया आणि बाप दुष्काळी कामावर खडी फोडत होते, रस्त्यावर माती टाकत होते. तिथं सुकडी मिळायची, तिची चव तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या जिभेवर अजून असेल. धाकटं पोर कामावर नेता येत होतं, पाटीत निजवता येत होतं. पाच-साडेपाच वर्षांच्या पोराचं मात्र अवघड. त्याला ना पाटी, ना घरी कुणी बघायला. शाळेत बसवलं तर दिवसभर सावलीत तरी राहील. आमच्या वयात जे महिने वाढले, ते तिथून आले.

जन्माचा दाखला मागायचा तर कुणाकडं? बाळंतपणं घरी व्हायची. ग्रामपंचायतीत नोंद करायला मुद्दाम कोण जातंय! आईला तारीख माहीत नसायची, पण 'आवस होती', 'शिमगा झाला होता', 'थोरल्या बैलाला साप चावला त्या साली', एवढं पक्कं ठाऊक. गुरुजींनी मग परीक्षा घेतली. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धर. ज्याचा हात पोचला तो पास. माझा पोचला नव्हता. आईनं मागून कोपर वर ढकललं, ते मला आजही आठवतं. गुरुजींनी ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघितलं. मग दौतीत टाक बुडवला आणि जनरल रजिस्टरला लिहिलं, १ जून. शाळा जूनमध्ये भरायची, हिशेब सोपा.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात आजोळी जाताना एसटीत कंडक्टर आला, आणि माझी तीच आई त्याला म्हणाली, "मांडीवरचा आहे हो, याला कसलं तिकीट!" शाळेत सहा आणि एसटीत मांडीवरचा. मी दोन्ही खुशाल होतो.

इथवर हसण्यासारखं आहे. माझे गेले ते पाच महिने, पण त्या बदल्यात मला शाळा मिळाली. मी तक्रार करणार नाही. पण सगळ्यांचा हिशेब असा फायद्यात सुटला नाही. आपली एक मैत्रीण तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिची गोष्ट सांगू का, म्हणून मी काल फोन केला. ती म्हणाली, "सांग. पण रडका सूर लावू नकोस."

तिचा जन्म १९६८ च्या शिमग्यातला. दाखल्यावर तिचीही १ जून १९६७ च. म्हणजे नऊ महिने वाढवलेले. ती वर्गात पहिली-दुसरी यायची, हे इथल्या सरांना आठवत असेल. मार्च १९८५ ला बारावी झाली. डी.एड.चा अर्ज आणून ठेवला होता. आणि घरी स्थळ आलं. कायद्यानं मुलीला अठरा पूर्ण हवीत, तसा बदल १९७८ ला झाला होता, आणि तिच्या वडिलांना तो माहीत होता. त्यांनी कायदा मोडला नाही. त्यांनी दाखला काढून बघितला. १ जूनला अठरा पूर्ण होत होती. जूनच्या पहिल्याच आठवड्यातला मुहूर्त धरला. खरं वय सतरा वर्षं आणि तीन महिने.

ती मला म्हणाली, "खरी तारीख असती तर पुढच्या शिमग्यापर्यंत थांबावं लागलं असतं. तोवर माझं डी.एड.चं पहिलं वर्ष बरंचसं झालं असतं. मग मला कुणी उठवलं नसतं." दुष्काळात एका आईनं पोरीला सावलीत बसवायला जे नऊ महिने उसने घेतले, ते बारा वर्षांनी त्या पोरीकडून वसूल झाले. यात दुष्ट कुणी नाही. आई नाही, गुरुजी नाहीत, वडीलही त्यांच्या समजुतीनं नियमानंच वागले. म्हणूनच मला हे जास्त टोचतं.

पुढं ती अंगणवाडी सेविका झाली. आणि आता तिच्या कामाचं ऐका. तिच्या रजिस्टरला मुलाचं वय वर्षांत नाही, पूर्ण महिन्यांत लिहितात. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर द्यायची. 'नववा लागला' म्हणून आणलेल्या बाळाला ती परत पाठवते. दोन वर्षं दोन महिन्यांचा मुलगा, वजन दहा किलो चारशे ग्रॅम, हा तक्त्यात साधारण वजनाचा ठरतो. त्याच्याच आजीनं "तिसरं चालूय, तीनच धरा" म्हटलं आणि तसं लिहिलं, तर तोच मुलगा तेवढ्याच वजनाला कमी वजनाच्या रकान्यात जातो. घरात काळजी, सुनेला बोलणी. पोरगं बिचारं जेवतंय नीट. म्हणून ती प्रत्येक आईला एकच प्रश्न विचारते: "लागलं ते राहू द्या बाई, पूर्ण किती?"

आज परिस्थिती बदलली आहे. बाळंतपण दवाखान्यात होतं, जन्माची नोंद होते. शिक्षण हक्क कायद्यानं तर वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही मुलाला शाळा नाकारता येत नाही. कोपर वर ढकलायची गरज उरलेली नाही. तरी आपण वाढवतोच. माझी नात पावणेपाच वर्षांची आहे. शेजारी कुणी विचारलं की आमच्या घरात सगळे सांगतात, पाच. आता दुष्काळ नाही, पण शेजारच्या मुलाला इंग्रजी कविता येतात, ही घाई आहे. 'पाच' म्हटलं की लगेच 'मग अजून लिहिता येत नाही?' हे मागोमाग येतं. परवा मीही कुणाला तरी पाच सांगितलं. नात मध्येच म्हणाली, "आजोबा, पाच झाले तर मग माझा केक कुठाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचे तीन महिने तिचे आहेत. त्यात तिला काही आलं नाही तरी चालेल.

गुरुजी, तुम्ही सकाळी मला विचारलंत, "चुकलं का रे माझं?" त्या वेळी मी पोह्यांची बशी बघत बसलो. आता सगळ्यांसमोर सांगतो. तुम्ही त्या दिवशी खिडकीबाहेर बघितलं नसतं, तर आमच्यातले कितीतरी जण पुढच्या वर्षी शाळेत आलेच नसते, ढोरांमागं गेले असते. तुम्ही लिहिलेली तारीख खोटी असेल, पण तिच्यामुळं मिळालेली शाळा खरी आहे. आमच्या मैत्रिणीचं जे गेलं, त्याचा जाब तुम्हाला एकट्याला विचारणं बरोबर होणार नाही. तो आम्हा सगळ्यांना आहे, आणि त्याचं उत्तर आपापल्या नातवंडांच्या बाबतीत द्यायचं आहे.

एक सूचना करून थांबतो. आपल्या ग्रुपवर प्रत्येकानं आपला आईनं सांगितलेला वाढदिवस टाकावा. तारीख नसली तर तिथी, तिथी नसली तर शिमगा, पोळा, काय असेल ते. १ जूनच्या शुभेच्छा आपण गुरुजींना देऊ. आणि आपल्या मैत्रिणीला यंदा शिमग्याला सगळ्यांनी फोन करायचा. तिला अठ्ठावन्न तेव्हा पूर्ण होतील. आधी नाही.