स्वागताध्यक्षीय भाषण : संयुक्त सूक्ष्मदर्शी

संयुक्त सूक्ष्मदर्शीत प्रतिमा दोन टप्प्यांत मोठी होते. वस्तूजवळचे पदार्थभिंग नळीत मोठी, उलटी प्रतिमा तयार करते. डोळ्याजवळची नेत्रिका ती आणखी वाढवून दाखवते. नेत्रिकेवर 10 आणि पदार्थभिंगावर 40 असेल, तर त्या आकड्यांचा गुणाकार करायचा. वस्तू 400 पट मोठी दिसते. प्रतिमा उलटी असल्याने काचपट्टी डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळते आणि नवख्या विद्यार्थ्याची धांदल उडते.

पाया, भुजा आणि नळी भिंगे एका रेषेत, स्थिर धरतात. मंचावर काचपट्टी क्लिपांनी बसते. मोठा स्क्रू अंतर भराभर बदलतो, लहान स्क्रू केसभर. 40 चे भिंग लावल्यावर मोठ्या स्क्रूला हात लावू नये. काचपट्टी तडकते, भिंगावर ओरखडा जातो.

उपेक्षा होते ती मंचाखालच्या भागांची. आरसा प्रकाश वर पाठवतो, कंडेन्सर तो वस्तूवर एकवटतो. कंडेन्सर असेल तर आरशाची सपाट बाजू वापरावी, नसेल तर अंतर्गोल. आरशावर थेट ऊन कधीही घेऊ नये, डोळ्याला इजा होते. मंचाखाली प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या पडद्याचे छिद्र सताड उघडे ठेवले की रंगहीन पेशी उजेडात विरून जातात; थोडे मिटले की त्यांच्या कडा उठून दिसतात. चित्र नीट दिसेना म्हणून भिंगाला बोल लावण्याआधी हे छिद्र पाहावे.

100 च्या भिंगाला तेलाचा थेंब लागतो, कारण काचेतून हवेत शिरताना बाहेर वळणारा प्रकाश तेलामुळे भिंगात पोहोचतो. तरीही सुमारे 0.2 मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. त्यापुढे नुसते मोठे करण्याला अर्थ नाही. रोनाल्ड रॉस यांनी 1897 साली सिकंदराबादला डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू पाहिले, ते याच जातीच्या यंत्रातून. तेव्हा सिकंदराबादप्रमाणे हिंगोलीही निजामाच्या राज्यात होती.

हिंगोलीच्या हळदीतही पाहण्यासारखे बरेच आहे. ओल्या हळकुंडाची ब्लेडने काढलेली पातळ चकती पाण्याच्या थेंबात ठेवली, तर 100 पट मोठेपणात पिष्टाचे कण सुटे दिसतात. शिजवून वाळवलेल्या हळकुंडात तेच कण फुगून एकमेकांत मिसळलेले असतात.

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात आलेल्या सर्व विज्ञानशिक्षकांचे स्वागत समितीतर्फे मनःपूर्वक स्वागत. शाळेच्या कपाटातला सूक्ष्मदर्शी बाहेर काढावा आणि पहिली चकती हळदीची लावावी, ही समितीची विनंती आहे.