मातृत्वाचा निर्णय आणि कायद्याचे संरक्षण





ज्या विषयावर आपल्या घरांत सहसा मौन पाळले जाते, त्यावर बोलण्याची संधी संयोजकांनी आम्हांस दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. गर्भपाताचा कायदेशीर हक्क हा तो विषय. आयुष्याची उमेद वैद्यकीय व्यवसायात घालविलेल्या माणसाने या प्रश्नी गप्प बसणे म्हणजे कर्तव्यास चुकणे होय, असे आम्ही मानतो.

१९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रो विरुद्ध वेड या खटल्यात हा हक्क मान्य केला. त्याला आधार होता चौदाव्या घटनादुरुस्तीचा. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण मिळावे म्हणून १८६८ साली ती दुरुस्ती झाली होती. पुढे २४ जून २०२२ रोजी डॉब्ज खटल्यात त्याच न्यायालयाने हा हक्क काढून घेतला आणि निर्णय राज्यांवर सोपविला. त्यानंतर एक डझनाहून अधिक राज्यांनी गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. मिळालेला हक्क जपला नाही तर तो हिरावला जातो, हा धडा संविधानाच्या बळावर उभ्या राहिलेल्या आपल्या समाजाने तरी विसरू नये.

बंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. पैसा व रजा असलेली स्त्री विमानाने दुसऱ्या राज्यात जाते. रोजंदारीवरची, लहान मुले पदरी असलेली, नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेली स्त्री कोठे जाणार? हाइड दुरुस्तीने १९७६ पासूनच गरीब स्त्रीच्या गर्भपातासाठी केंद्र सरकारचा पैसा, काही अपवाद वगळता, बंद केला होता.

वैद्यकशास्त्र घड्याळाकडे पाहून चालते. अशा कायद्याला घड्याळ दिसत नाही. बेळगावची कन्या डॉ. सविता हलप्पनवार आयर्लंडमध्ये दंतवैद्य होती. २०१२ साली सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झाले. तिने गर्भपाताची मागणी केली. परंतु गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू असल्याने ती नाकारली गेली. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबर रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तिचा मृत्यू झाला. ती सुशिक्षित होती, रुग्णालयात दाखल होती, पती शेजारी होता. २०१८ साली आयरिश जनतेने सार्वमताने ती घटनात्मक बंदी उठविली. सविता मात्र परत आली नाही.

बाबासाहेबांचा या विषयाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावरील खटल्यात १९३४ साली बाबासाहेब त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला, तेव्हा बाबासाहेबांचे भाषण त्यांच्या अनुपस्थितीत पी. जे. रोहम यांनी मांडले. बाळंतपणाच्या वेदना पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून अधिक अपत्यास कोणीही राजी झाला नसता, असा त्यातील एका विधानाचा आशय होता. ठराव फेटाळला गेला. तो ठराव गर्भपाताचा नव्हता, हे आम्ही प्रामाणिकपणे नमूद करतो. पण नको असलेले गर्भारपण स्त्रीवर लादू नये, हे सूत्र त्यात होते.

'पाणातिपाता वेरमणी' म्हणणारे आपण हे कसे मान्य करावे, हा प्रश्नही रास्त आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेला नियम न मानता तत्त्व मानले आहे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला प्रज्ञेने व करुणेने विचार करायला लावते. ज्या उपासिकेला गर्भपात नको असेल, तिच्या निर्णयाचाही आम्ही तितकाच आदर करतो. आमचा आक्षेप आहे तो तिच्या वतीने शासनाने निर्णय घेण्याला.

आणि घराने घेण्यालाही! मुलगी नको म्हणून सुनेवर गर्भपात लादणे ही निवड नव्हे, जुलूम आहे. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध देशातील पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला. त्याच महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीच्या शिफारशींवरून भारतात १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला. २९ सप्टेंबर २०२२ रोजी, म्हणजे डॉब्ज निकालानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही चोवीस आठवड्यांपर्यंत विवाहितेसारखीच मुभा दिली.

बंधुभगिनींनो, २०२२ साली कॅन्सासच्या व २०२३ साली ओहायोच्या मतदारांनी मतपेटीतून हा हक्क राखला. आपणांपैकी जे नागरिक आहेत त्यांनी मतदान चुकवू नये. आपली मुलगी ज्या राज्यात शिकते तेथील कायदा आईवडिलांनी माहीत करून घ्यावा. संकटात तिने पहिला फोन घरी करावा, इतका विश्वास तिला द्यावा. तेवढे झाले तरी आजच्या बोलण्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.

जयभीम! नमो बुद्धाय!