शंभर रुपयांचं इंजेक्शन

(गेल्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत मंडळाच्या आरोग्य समितीने मांडलेले मनोगत)



आम्ही डॉक्टर नाही. इंदूरहून अवंतिका एक्सप्रेसने उपचारासाठी मुंबईला जाणाऱ्या रुग्णांच्या सोबतीला जाणारी आम्ही माणसं. आज कॅन्सरवरील संशोधनाबद्दल बोलायचं धाडस करतोय, त्याला कारण आमचीच एक चूक.

आपल्या एका काकूंना तिथे विचारलं गेलं, "एक अभ्यास चालू आहे, भाग घ्याल का?" कागदांचा गठ्ठा पाहून आम्हीच घाबरलो. "नको काकू, तुमच्यावर प्रयोग करतील," असं सांगून मोकळे झालो. काकूंनी सही केली नाही. घरी आल्यावर मात्र मनाला लागून राहिलं, की आपण काही न वाचताच सल्ला दिला. मग वाचायला बसलो.

परळच्या टाटा मेमोरियलमधील डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला होता. स्तनाची गाठ काढताना हाताळणीमुळे कॅन्सरच्या पेशी शरीरात पसरत असतील, तर त्या आधीच रोखता येतील का? त्यासाठी त्यांनी निवडलं लिडोकेन, म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करायला देतात तेच औषध. शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटं आधी ते गाठीभोवती टोचायचं. खर्च शंभर रुपयांच्या आत.

2011 पासून देशातल्या 11 रुग्णालयांत सुमारे 1600 स्त्रिया या अभ्यासात सामील झाल्या. निम्म्यांना इंजेक्शन दिलं, निम्म्यांना नाही. कोणाला द्यायचं हे चिठ्ठी टाकावी तसं ठरलं. बाकी उपचार सर्वांना नेहमीचेच. निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी इंजेक्शन न दिलेल्या गटात शंभरी 86.4 जणी हयात होत्या, दिलेल्या गटात 90.1. म्हणजे शंभरात जवळजवळ चार जणी जास्त. आकडा लहान वाटतो. पण त्या चौघींच्या घरी जाऊन विचारा!

हे औषध जुनं आणि स्वस्त. त्यातून कोणत्या कंपनीला मोठा नफा होणार? अशा प्रश्नाचं उत्तर शोधायला सरकारी मदतीवर चालणारी संस्थाच लागते. आणि लागतात सही करणाऱ्या बायका. त्यांतल्या निम्म्यांना इंजेक्शन मिळालंही नाही. पण त्यांच्याशिवाय तुलनाच झाली नसती.

आम्ही असं म्हणत नाही की विचारलं की सही करा. प्रत्येक अभ्यास यशस्वी होत नाही, धोकाही असू शकतो. पण 'नको' म्हणण्याआधी चार प्रश्न विचारा. नेहमीचे उपचार मिळणार ना? धोका कोणता? मध्येच बाहेर पडता येईल ना? अपाय झाला तर जबाबदारी कोणाची? बाहेर पडण्याचा हक्क रुग्णाला आहे. आणि अभ्यासामुळे अपाय झाला तर मोफत उपचार व भरपाईची तरतूद 2019 च्या नियमांत आहे. संमतिपत्र आपल्या भाषेत मागा, घरी आणा, चार जणांत वाचा. वाचायला आम्ही येऊ.

काकू आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, तब्येत ठणठणीत आहे. तरीही त्यांचा निर्णय आम्ही घाबरून त्यांच्या वतीने घेतला, याची बाप्पासमोर जाहीर माफी मागतो.

गणपती बाप्पा मोरया!