टेरियरला काय सोसत नाही?

इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरचा चिवट शिकारी कुत्रा म्हणजे बॉर्डर टेरियर. हा गडी कधी कधी चालता चालता अडखळतो, अंग ताठ होतं, पाय थरथरतात. शुद्ध मात्र हरपत नाही. पूर्वी हा फेफऱ्याचा प्रकार वाटे. २०१५ साली ब्रिटनमधल्या पशुवैद्यकांनी त्याचा संबंध ग्लुटेन या धान्यातल्या प्रथिनाशी जोडला. गहू आणि बार्ली आहारातून काढल्यावर कुत्र्यांचे झटके आटोक्यात आले.

वेस्ट हायलंड व्हाइट टेरियरचं दुखणं कातडीचं. खाज, लाल कान, सतत पंजे चाटणं. कारण धुळीतले बारीक माइट असतील, परागकण असतील किंवा बीफ, दूध, चिकन यांसारखं अन्नही असेल.

अन्नाचं कारण रक्ततपासणीतून खात्रीनं कळत नाही. त्यासाठी किमान आठ आठवडे, पूर्वी कधीच न खाल्लेल्या प्रथिनांचा आहार द्यावा लागतो. त्या काळात बिस्किटाचा तुकडासुद्धा नको! मग जुनं अन्न पुन्हा देऊन पाहिलं जातं.

आणि लस? अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लस घेतलेल्या बारा लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. दर दहा हजारांत सुमारे ३८ कुत्र्यांना त्रास झाला होता. लहान चणीच्या आणि एकाच वेळी अनेक लसी घेतलेल्या कुत्र्यांत धोका अधिक होता.

पण म्हणून लस चुकवू नये. रेबीज जीवघेणा आहे. लस किंवा औषधानंतर तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, उलट्या झाल्या किंवा धाप लागली, तर तत्काळ डॉक्टरांकडे न्यावं आणि त्या औषधाचं नाव कुत्र्याच्या कार्डावर लिहून ठेवावं.