घरचं वायफाय आणि खुलं फोल्डर



रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेली मुलं कारेगावात, शिक्रापुरात, शिरूरमध्ये खोल्या घेऊन राहतात. खाली मालकाचं घर, वर चार-सहा खोल्या, आणि साऱ्या इमारतीला मिळून फायबरचं एकच कनेक्शन, ही व्यवस्था आता नवी राहिलेली नाही. दौंडला रेल्वेत आणि राज्य राखीव पोलीस दलात नोकरी करणारी माणसं जिथं भाड्यानं राहतात, कुरकुंभच्या कारखान्यांतले कामगार जिथं राहतात, तिथंही हीच तऱ्हा. वायफायचा पासवर्ड बहुतेक वेळा मालकाचा मोबाईल नंबरच असतो. तो भाडेकरूला माहीत, भाडेकरूच्या मित्राला माहीत, आणि दोन वर्षांपूर्वी खोली सोडून गेलेल्यालाही माहीत.

याच वायफायवर मालकाचा कॉम्प्युटर चालतो. त्यात सातबारे असतात, खरेदीखताचे स्कॅन असतात, सगळ्यांच्या आधारकार्डाच्या प्रती असतात, ऊसबिलाचे हिशेब आणि मुलीच्या लग्नाचे फोटो असतात. कॉम्प्युटरवरचा सिनेमा टीव्हीवर दिसावा म्हणून घरातल्या पोरानं त्यातलं एखादं फोल्डर शेअर केलेलं असतं. आज मी बोलणार आहे ते या खुल्या फोल्डरबद्दल आणि त्याच कॉम्प्युटरवर चालणाऱ्या टॉरेंटबद्दल. घरचं नेटवर्क म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं घराच्या चार भिंती येतात. नेटवर्कची हद्द मात्र पासवर्ड जिथवर पोचला तिथवर असते, आणि टॉरेंट चालू असेल तर ती त्याच्याही पलीकडं जाते.

टॉरेंट चालतं ते पिअर-टू-पिअर पद्धतीनं, म्हणजे मधे कुणी मोठा सर्व्हर न ठेवता एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याशी थेट केलेली देवघेव. ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रामरनं 2001 मध्ये बिटटॉरेंट आणलं, ते याच तत्त्वावर. मोठी फाइल बारीक तुकड्यांत विभागायची. ज्याच्याकडं जो तुकडा आला, त्यानं उरलेले तुकडे उतरवत असतानाच हातातला तुकडा दुसऱ्याला देत राहायचा. आपल्याकडं पेरणीला, काढणीला सावड करतात, आज तुमच्या रानात तर उद्या माझ्या, तशी ही सावड आहे. फरक इतकाच की सावडीत समोरचा माणूस ओळखीचा असतो. टॉरेंटमध्ये तुमच्या घरचा इंटरनेट पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस, ती फाइल घेणाऱ्या अनोळखी लोकांना दिसतो, आणि फाइल पूर्ण उतरली तरी प्रोग्राम बंद करेपर्यंत तुमचा कॉम्प्युटर ती वाटतच राहतो.

ही पद्धत मुळात वाईट नाही, हे मी मनापासून सांगतो. लिनक्ससारखी मोफत सॉफ्टवेअर त्यांचे निर्मातेच टॉरेंटवरून देतात. विंडोजसुद्धा आपले अपडेट घरातल्या एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याला देऊ शकतं. आपल्या शिरूर तालुक्यात, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथं 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या मदतीनं फॅब लॅब, म्हणजे वस्तू बनवून पाहण्याची प्रयोगशाळा, उभी राहिली. एकीकडं बनवलेल्या वस्तूचा आराखडा दुसरीकडं खुलेपणानं द्यायचा, ही अशा प्रयोगशाळांची रीतच आहे. तिथं देणाऱ्याला आपण काय देतोय हे ठाऊक असतं. घरातल्या कॉम्प्युटरपाशी नेमकं तेच ठाऊक नसतं, आणि माझी काळजी तेवढ्यापुरतीच आहे.

2003 मध्ये काझा नावाच्या त्या वेळच्या लोकप्रिय पिअर-टू-पिअर प्रोग्रामचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 12 जणांपुढं तो प्रोग्राम ठेवून विचारलं, सध्या यातून काय काय वाटलं जातंय? खरं उत्तर होतं, हार्ड डिस्कवरचं सगळं. ते ओळखता आलं फक्त दोघांना. पुढं 2010 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या व्यापार आयोगानं सुमारे 100 संस्थांना कळवलं की तुमच्याकडच्या ग्राहकांची आणि कर्मचाऱ्यांची खासगी माहिती अशाच नेटवर्कवर फिरतेय. तिथं कुणी चोर घुसला असेलच असं नाही. एखाद्या कर्मचाऱ्यानं असा प्रोग्राम टाकला आणि चुकीचं फोल्डर निवडलं, एवढंही त्याला पुरतं.

आता कायद्याचं. 'सैराट' हा मराठी सिनेमा 29 एप्रिल 2016 ला लागला.   सिनेमा थिएटरात गर्दी खेचत असतानाच त्याची चोरटी प्रत मोबाईलवरून मोबाईलवर फिरत होती, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. त्याच वर्षी 'डिशूम' या हिंदी सिनेमाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं की अशी प्रत नुसती पाहणं हा गुन्हा नव्हे, परवानगीशिवाय ती वितरित करणं हा गुन्हा आहे. अनेकांनी यातला पहिला भाग लक्षात ठेवला. टॉरेंटवर उतरवणारा त्याच वेळी वितरकही असतो, ते मी आधीच सांगितलं. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 मध्ये 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. नफ्यासाठी केलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, गुन्हा मात्र तोच राहतो. आणि कनेक्शन ज्याच्या नावावर, पहिली चौकशी त्याच्याकडं. वरच्या खोलीतल्या मुलानं रात्री काय उतरवलं ते मालकाला माहीतही नसतं.

याचं सगळ्यात गंभीर उदाहरण महाराष्ट्रानं पाहिलं आहे. 26 जुलै 2008 ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल आला होता, आणि त्याचा माग लागला थेट नवी मुंबईतल्या सानपाड्यात, एका अमेरिकन माणसाच्या घरच्या कनेक्शनपर्यंत. पोलीस त्या घरी गेले, कॉम्प्युटर तपासले. त्याचं वायफाय नीट सुरक्षित नव्हतं आणि ते भलत्याच माणसांनी वापरलं होतं. त्यानंतर 2009 मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय नेटवर्क शोधण्याची मोहीमच जाहीर केली.

फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या आणि लग्नाचं शूटिंग करणाऱ्या माझ्या भावांना इथं वेगळं सांगायचं आहे, कारण त्यांचं घर आणि धंदा बहुधा एकाच नेटवर्कवर असतो. महागडं एडिटिंगचं सॉफ्टवेअर परवडत नाही म्हणून टॉरेंटवरून 'क्रॅक', म्हणजे परवान्याचं बंधन तोडणारा प्रोग्राम, घेतला जातो. तो चालवताना सूचना येते की अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करा. सगळा घात तिथंच होतो. टॉरेंट प्रत्येक तुकडा तपासून घेतं हे खरं, पण तो तुकडा मूळ फाइलमधलाच आहे की नाही, एवढंच ते पाहतं. मूळ फाइलच विषारी असेल तर विषही तंतोतंत उतरतं. 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' नावाचा खंडणीखोर व्हायरस मुख्यतः अशा क्रॅकमधूनच पसरला. तो फोटो, व्हिडिओ, कागद सगळं कुलूपबंद करतो आणि 980 डॉलर मागतो, 3 दिवसांत दिले तर निम्मे. पैसे देऊनही फाइली परत मिळतीलच याची हमी कुणी देत नाही. एखाद्या कुटुंबाच्या लग्नाचं शूटिंग असं गेलं तर ते पुन्हा कुठून आणणार?

आणि असं विष एकदा एका कॉम्प्युटरवर आलं की ते शेजारच्यावर जाऊ शकतं. 12 मे 2017 ला वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस पसरला, सुमारे 150 देशांत. तो पसरला विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या जुन्या सोयीतल्या एका दोषातून. एकदा नेटवर्कमध्ये शिरला की पुढच्या कॉम्प्युटरवर कुणी क्लिक करायचीही गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टनं त्या दोषावरचा उपाय 14 मार्चलाच दिला होता. ज्यांनी अपडेट घेतलं ते वाचले. पुढच्याच महिन्यात, 27 जूनला, तोच दोष वापरणाऱ्या नॉटपेट्या या व्हायरसनं जगभर धुमाकूळ घातला आणि आपल्या न्हावा शेव्याच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम थांबवलं. एवढ्या मोठ्या बंदराची ही गत झाली, तर पाच वर्षं अपडेट न केलेल्या घरच्या कॉम्प्युटरचा काय पाड? विंडोज 10 ला मिळणारे नेहमीचे अपडेटही 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, हे ध्यानात असू द्या.

उपाय अवघड नाहीत. बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट' नावाचं दुसरं नेटवर्क असतं. भाडेकरू आणि पाहुणे त्यावर, घरचे कॉम्प्युटर वेगळ्यावर. केबलवाल्याला सांगितलं तर तो पाच मिनिटांत करून देतो. त्याच वेळी राउटरचा मूळचा अ‍ॅडमिन पासवर्डही बदलून घ्या. शेअर करायचंच असेल तर रिकामं नवं फोल्डर करा, त्यात फक्त सिनेमे आणि गाणी ठेवा, संपूर्ण डी ड्राइव्ह कधीही देऊ नका. विंडोजमध्ये पासवर्डशिवाय शेअरिंग बंद ठेवा आणि 'एव्हरीवन' हे नाव परवानगीच्या यादीतून काढून टाका. टॉरेंट वापरत असाल तर काम झाल्यावर तो प्रोग्राम खरोखर बंद झाला की खालच्या पट्टीत चालूच आहे, ते पाहा.

मोबाईलचंही तसंच. 29 जून 2020 ला सरकारनं 59 अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत फाइली पाठवायची शेअरइट आणि झेंडर होती. ती अजूनही कुणाकडून तरी फोनवर घेतली जातात. अशा अ‍ॅपला अपडेट मिळत नाही, आणि शेअरइटमध्ये तर 2021 मध्ये गंभीर दोष सापडले होते. त्यापेक्षा अँड्रॉइडमधलं क्विक शेअर वापरा, आणि ते 'एव्हरीवन'वर ठेवू नका, विशेषतः दौंड-पुणे गाडीच्या गर्दीत.

आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या. ती डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवा. कायम जोडलेली डिस्क ही प्रत म्हणून उपयोगाची नाही, कारण खंडणीखोर व्हायरस तीही कुलूपबंद करतो.

घरातल्या तरुण मुलांच्या पालकांना एक विनंती आहे. कॉम्प्युटरवर काही विपरीत घडलं तर मुलगा आधी तुमच्याकडं यावा, असं वातावरण घरात ठेवा. रागावण्याच्या भीतीनं तो दोन दिवस गप्प बसला तर तेवढ्या वेळात घरातले उरलेले कॉम्प्युटरही जातात. तो सांगायला आला की पहिल्यांदा वायफाय बंद करा. व्हायरस काढण्याची मोफत साधनं केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर आहेत. पैसे गेले असतील तर 1930 या क्रमांकावर लगेच फोन करा.