विमा आहे, पण महिन्याच्या गोळ्यांचं काय?

(रौप्यमहोत्सवी आरोग्य मेळाव्यातील भाषण)



मी ३४ वर्षं यवतमाळात औषधाच्या काउंटरमागे उभा राहिलो, म्हणून सेक्रेटरीसाहेबांनी हा विषय मला दिला. तब्येतीवर डॉक्टरसाहेब बोलले, मी बिलावर बोलतो.

बहुतेकांना वाटते, कार्ड आहे म्हणजे औषधं झाली. तसं नाही जी. आयुष्मान भारत आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. आपला जिल्हा १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी, म्हणून पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्यांनाही फुले योजना आधीच लागू झाली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान कार्ड मिळते. ते काढाच. पण आयुष्मानमध्ये सुट्टीनंतर १५ दिवसांचीच औषधं धरतात. सोळाव्या दिवसापासून खिसा आपला. खासगी मेडिक्लेममध्ये ही मुदत बहुधा ६० दिवस. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या साध्या पॉलिसीत बसत नाहीत.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांना ठाऊक असेल, तिकडे विमा कंपनीच औषधांच्या पायऱ्या पाडते. जेनेरिक खालच्या पायरीवर, तिथे स्वतःचे थोडेच जातात. वर चढाल तसे जास्त. आपल्याकडेही पायऱ्या आहेत, फक्त कुणी छापून देत नाही. जनऔषधी केंद्र खालची पायरी. आवश्यक औषधांच्या यादीतल्या गोळ्यांना २०१३ च्या आदेशाने कमाल किंमत ठरवून दिलेली आहे. यादीबाहेरच्या औषधाची किंमत कंपनी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. साधी मेटफॉर्मिन यादीत आहे. तिच्यात दुसरं औषध मिसळलं की ती गोळी बहुधा बाहेर.

कापसाचा पैसा हाती येण्याआधी, पोळ्याच्या सुमारास, खेड्यावरची माणसं म्हणायची, "भाऊ, स्ट्रिप कापून चारच द्या." चार संपल्या की बीपीची गोळी बंद. मग एखाद्याला लकवा मारायचा, भरती व्हायची, आणि तेव्हा मात्र कार्ड चालायचं! रोजच्या गोळीला पैसा नाही आणि लकव्याला आहे, हा हिशेब मला अजून पटलेला नाही.

एक नियम सांगतो. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर केमिस्टने मनाने बदलून द्यायचं नसतं. म्हणून डॉक्टरांनाच विचारा, "साहेब, घटकाचं नाव लिहून देता का?" विचारायला लाजू नका. गोळी मात्र आपल्या मनाने सोडू नका, बदलूही नका.

नाश्त्यानंतर मी मंडपाच्या डाव्या टेबलावर बसतो आहे. चिठ्ठ्या आणि पॉलिसीचे कागद घेऊन या. चष्मा विसरू नका, अक्षरं फार बारीक असतात.