बोईसर मतदारसंघ आणि सूर्येचे पाणी

बोईसर विधानसभा मतदारसंघाचा इतिहास सांगण्याची आज्ञा संयोजकांनी मला केली तेव्हा त्यांच्या मनात बहुधा आमदारांची वंशावळ असावी. परंतु ती दोन वाक्यांत आटोपते. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या परिसीमन आयोगाने २००१च्या जनगणनेवरून राज्याचे २८८ मतदारसंघ नव्याने आखले, त्यांत अनुसूचित जमातींसाठी राखून ठेवलेल्या २५ जागांपैकी एक बोईसरच्या वाट्याला आली. आणि २००९ व २०१४ साली बहुजन विकास आघाडीचे विलास तरे, २०१९ साली तरे शिवसेनेत गेल्यावर त्यांना हरवून त्याच आघाडीचे राजेश पाटील, व २०२४ साली शिंदे यांच्या शिवसेनेतर्फे पुन्हा तरे, असा तो क्रम लागला. हे आपणांस तोंडपाठ आहे. तेव्हा पुढे जाऊ.

मला पडलेला प्रश्न निराळा आहे. ज्या आघाडीचे ठाणे विरारास, तिचा माणूस बोईसरातून लागोपाठ तीनदा कसा निवडून आला? सरहद्द पाहिली की उलगडा होतो. पालघर तालुक्याचा एक तुकडा आणि वसई तालुक्याचा मांडवीकडील पूर्वभाग एका दावणीला बांधून या मतदारसंघाला नाव मात्र बोईसरचे दिले गेले. माझे म्हणणे असे की, ही रेघ आयोगाच्या लेखणीपूर्वीच पाण्याच्या नळाने ओढून ठेवली होती. (हशा.) हसा, खुशाल हसा, आयोगाच्या दफ्तरात नळाचा नकाशा नव्हता, लोकसंख्येचे तक्ते होते, हे मलाही ठाऊक आहे. परंतु विक्रमगडच्या बाजूस धामणीला सूर्या नदी अडवली ती शेतीच्या नावाने, आणि मासवणला पंप बसले ते वसई-विरारच्या इमारतींसाठी. नदीकाठचा आदिवासी उन्हाळ्यात हंडा घेऊन चालतो, आणि त्याच्या डोळ्यांदेखत जाडजूड नळ दक्षिणेस निघून जातो. जिकडे नळ जातो तिकडे ठेकेदार, त्याच्यामागून मुकादम आणि मुकादमामागून कार्यकर्ता हिंडू लागतो. पुढे एखाद्या सकाळी तोच कार्यकर्ता मतदान केंद्राबाहेर टेबल मांडून मतदाराला यादीतला अनुक्रमांक शोधून देताना दिसतो.

हे दक्षिणेकडे वाहून जाणे आजचे नव्हे. १७३९च्या जानेवारीत चिमाजी अप्पांनी बोईसरजवळच्या तारापूरच्या पोर्तुगीज किल्ल्याला वेढा घातला, सुरुंग लावून तट फोडला, आणि त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. हे बाजी भिवराव म्हणजे कोणी सामान्य शिलेदार नव्हेत. पेशव्यांच्या घराशी त्यांचा जिव्हाळा होता, आणि त्यांच्या मृत्यूने अप्पांचे मन किती कष्टी झाले असेल याची कल्पना करावी. मोर्चे, दारूगोळा, खाडीची भरती-ओहोटी... होय, माझे लक्ष आहे. मागच्या रांगेतील मंडळींनी घड्याळे काढली आहेत. एवढेच सांगतो की, पुढे मे महिन्यात वसई पडली आणि सारी मोहीम वसईच्या नावे जमा झाली. तारापूरचे रक्त वसईच्या खाती! १९६९ साली येथल्या अणुकेंद्राची वीज राज्याला मिळू लागली, पुढच्या दोन अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. त्या जमाखर्चात शिरलो तर अध्यक्ष मला खाली बसवतील.

कोणी विचारील की, २०२४ साली आघाडी हरली, मग तुमचा सिद्धांत बुडाला काय? मुळीच नाही. विजयी उमेदवार याच आघाडीच्या तालमीत दोनदा आमदार झाले होते; पक्ष बदलला, तालीम तीच. (हशा, टाळ्या.) ही टाळी माझ्या बाजूची की विरुद्ध, ते कळले नाही.

चिठ्ठी आली. २०१४च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला, त्याविषयी बोलायचे राहिलेच. राज्यघटनेप्रमाणे २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत विधानसभांच्या जागांची संख्या गोठलेली आहे. पुढे जेव्हा नवा आयोग बसेल आणि हरकती मागवील, तेव्हा बोईसरच्या मंडळींनी लोकसंख्येच्या तक्त्यासोबत सूर्येच्या नळाचा नकाशाही अर्जाला जोडावा, इतकीच माझी सूचना. ज्यांना माझे म्हणणे खोडून काढायचे असेल त्यांनी स्टेशनापर्यंत माझ्याबरोबर चालावे. गाडी चुकली तर भांडायला रात्र पडलीच आहे.